आयोनियन समुद्रात आठवडाभर शिडाची यॉट शिकायची आहे: कोर्स, फ्लोटिला की स्किपर?

खारावारा_पुणे
सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही चौघं (दोन जोडपी, चाळिशीतली) ग्रीसला चाललोय. लेफ्काडा बेटाहून आठवडाभर ३८-४० फुटी यॉट घ्यायचा विचार आहे. पोहता सगळ्यांना येतं, शीड कोणालाच हाताळता येत नाही. जाहिरातींत तीन गोष्टी दिसतात: पाच दिवसांचा कोर्स, फ्लोटिला आणि स्किपरसकट (म्हणजे कप्तानासकट) बोट. नुसतं डेकवर ऊन खात बसायचं नाहीये, परत येताना काहीतरी हाताला लागलेलं हवं. यातलं काय घ्यावं? आणि आठवड्यात खरोखर किती जमतं? बायकोला घाटात बस लागते, तेही लक्षात घेऊन सांगा.

नाळेवरून
फ्लोटिला आधी बाद करा. अनेक बोटी एकत्र जातात, म्होरक्या बोटीवर कंपनीची माणसं असतात, पण तुमच्या बोटीचा स्किपर तुमच्यातलाच कोणीतरी लागतो. ग्रीसमध्ये बोट ताब्यात देण्याआधी त्याचं प्रमाणपत्र मागतात, शिवाय बोटीची जाण असलेला दुसरा माणूसही दाखवावा लागतो.

उरले दोन. आरवायए या ब्रिटिश यॉटिंग संस्थेचा 'कॉम्पिटंट क्रू' कोर्स पाच दिवसांचा असतो, पूर्वअनुभव लागत नाही. तुमच्यासाठी तोच. 'डे स्किपर' (स्वतः बोट चालवण्याचा पुढचा कोर्स) याच्या मोहात पडू नका: त्याला आधीचे ५ दिवस बोटीवर, १०० सागरी मैल, रात्रीचे ४ तास आणि नकाशा-कंपासची थिअरी अपेक्षित असते. पुढे कधी केलात तर एवढं माहीत असू द्या की ग्रीसमधल्या प्रमाणपत्रावर 'नॉन-टायडल' असं येतं. तिथे भरती-ओहोटीचा फरक हातभरही नसतो. मुंबई बंदरात उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढतं-उतरतं, तो हिशोब तिथे शिकायला मिळणार नाही.

कोर्स नको असेल तर स्किपर घ्या, पण बुकिंग करतानाच 'शिकवणारा हवा' असं सांगा. त्याला वेगळी केबिन आणि जेवण तुम्हालाच द्यावं लागतं, म्हणजे बोट किमान तीन केबिनची.

जागा चांगली निवडली आहे. सकाळी वारा जवळजवळ नसतो, दुपारनंतर वायव्येचा 'माइस्ट्रो' उठतो, साधारण ३-४ बोफर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप), म्हणजे ७ ते १६ नॉट (ताशी सागरी मैल). मेगानिसी, इथाका, केफालोनिया एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. दिवसाला १०-१५ मैल पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्टेमी वारा ६-७ बोफर्टपर्यंत जातो, तिथे नवख्यांचं काम नाही. मात्र सप्टेंबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'यानोस' वादळाने केफालोनिया आणि इथाकाला झोडपून काढलं होतं. हवामान रोज दोनदा बघायचं.

शीट_ढिली_कर
पहिल्या दिवशी सगळ्यांचा घोळ होतो तो इथेच: शीट म्हणजे शीड नव्हे, शीड आवळणारी दोरी. शीड वर चढवणारी ती हॅलियार्ड.

विंचवर (दोरी ताणायचं डेकवरचं फिरतं पिंप) दोरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळतात. सैल दोरी ओढून घेताना दोनच वेढे. ताण आला की तिसरा-चौथा वेढा, मग हँडल. आधीच चार वेढे घातले की खालचा वेढा वरच्यावर चढतो आणि दोरी जाम होते. अंगठा वर ठेवून मूठ धरा, म्हणजे हाताचं बोट दोरीत सापडत नाही. ढील देताना तळहात वेढ्यांवर सपाट दाबून इंच-इंच फिरवत सोडा.

शीड किती ओढायचं? शीट सोडत जा, शिडाची पुढची कड फडफडली की थांबा, फडफड थांबेल इतकंच परत ओढा. नवखा माणूस हमखास जास्त आवळतो: बोट कलते खूप, सरकते कमी.

वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीही बोट चालत नाही, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडावे लागतात. म्हणजे टॅक घेताना (वाऱ्याच्या तोंडावरून पलीकडच्या बाजूला वळताना) ९० अंशांचं वळण. सुकाणूवर असाल तर वाऱ्याकडच्या बाजूला बरोबर काटकोनात जे दिसतं, घर, टेकडी, काहीही, ते हेरून ठेवा. वळल्यावर नाळ (बोटीचं पुढचं टोक) तिकडेच हवी. वेग नसताना वळलात तर बोट वाऱ्यावर तोंड करून अडकते. जुनी शीट घाईने सोडू नका, पुढचं शीड फडफडायला लागलं की सोडा आणि पलीकडची हाताने भराभर ओढा. शीड भरल्यावर विंच फिरवत बसलात तर दुप्पट मेहनत.

जाइबमध्ये (पाठीवरच्या वाऱ्यात वळताना) आधी बूम (मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा) मधोमध ओढून घ्यायचा, मग वळायचं, मग ढील. बूम आपोआप फिरला तर डोकं फुटतं, गंमत नाही.

पाठीवरचा वारा फसवतोही. खरा वारा १६ नॉट, बोट ६ ने चाललीय, अंगाला लागतो १०. तीच बोट वाऱ्याकडे वळवा, २० लागतो. म्हणून वळायच्या आधी रीफ, म्हणजे शीड कमी करणं.

धक्क्याला_पाठ
शीड दोन दिवसांत जमतं. आठवड्याची परीक्षा संध्याकाळी धक्क्यावर होते, कारण तिकडे नांगर पुढे टाकून पिछाडी धक्क्याला लावतात. फिस्कार्दो, किओनी इथे दुपारी दोन-तीननंतर जागा मिळणं कठीण, म्हणून लवकर पोचा.

आधी दोन्ही बाजूंना फेंडर (धक्का झेलणारे हवेचे फुगे), मागचे दोन दोर रेलिंगच्या बाहेरून फिरवून तयार. शेजारच्या बोटींच्या साखळ्या कोणत्या दिशेने गेल्यात ते बघा. आपल्या जागेच्या समोर, तीन-चार बोटींच्या लांबीइतकं बाहेर, म्हणजे ४०-५० मीटरवर नांगर सोडायचा आणि सावकाश मागे यायचं. नांगराची मोटर साखळी हळू सोडते, तुम्ही त्याहून जोरात मागे गेलात तर साखळी ताणून नाळ बाजूला ओढली जाते. मोटर भरपूर करंट खाते, इंजिन चालू ठेवा. बहुतेक बोटी रिव्हर्समध्ये सुरुवातीला एका बाजूला, सहसा डावीकडे, सरकतात; वेग आल्यावरच सुकाणू लागतं. पहिला दोर वाऱ्याकडचा. मग साखळी आवळून पिछाडी धक्क्यापासून मीटरभर लांब ठेवा.

दोन चुका महाग पडतात: पाण्यात लोंबणारा दोर इंजिनाच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाणं, आणि बोट थोपवायला पाय मध्ये घालणं. १० टन पायाने थांबत नाहीत, मध्ये फेंडर धरा.

सकाळी नांगराबरोबर दुसऱ्याची साखळी वर आली तर घाबरू नका. तिच्याखालून दोर घालून दोन्ही टोकं डेकवर बांधा, आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा करा, मग दोराचं एक टोक सोडा.

खारावारा_पुणे
कोर्सच घेतो. घरी आधी काय करता येईल? आणि बस लागण्याचं? स्वयंपाक बोटीवरच करणार आहोत.

नाळेवरून
८-१० मिलिमीटरचा दोन मीटर दोर आणा. बोलाइन, क्लोव्ह हिच आणि आठची गाठ गॅलरीच्या ग्रिलला न बघता बांधता आली पाहिजे. वहिनींची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी. त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. त्यांना सुकाणू द्या, नजर क्षितिजावर, खाली केबिनमध्ये जाणं टाळा.

शेगडी कलणाऱ्या चौकटीत असते, चालत्या बोटीत तिची कडी काढून ठेवा म्हणजे ती सपाट राहते. तरी तळण नकोच. कुकर चालतो, झाकण घट्ट असल्यामुळे उलट बराच. काम झालं की गॅस सिलिंडरपाशी बंद करा: गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, बोटीच्या तळाशी साचतो आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

धक्क्याला_पाठ
आणि कडक सुटकेस आणू नका, ठेवायला जागाच नसते. घडी होणाऱ्या बॅगा.