अनुभव धागा: कोरियन गाणी, मालिका आणि आपली ओळख

यवतमाळकरीण: लेकीच्या खोलीत दिवसभर बीटीएस, तो कोरियन पोरांचा बँड. काल ती त्यांच्या 'मा सिटी' गाण्यातल्या जे-होपच्या, म्हणजे बँडमधल्या एका पोराच्या, ओळी समजावत होती. तो म्हणतो, ०६२-५१८ फिरवा. ०६२ हा त्याच्या गावाचा, दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूचा एसटीडी कोड आणि ५१८ म्हणजे १८ मे. १९८० साली त्या दिवशी तिथे लष्करी राजवटीविरुद्ध उठाव सुरू झाला, सैन्याने माणसं मारली. जगभर वाजणाऱ्या गाण्यात हा पोरगा गावाची जखम घेऊन उभा आहे! मला एकदम पुण्यातलं हॉस्टेल आठवलं. "काय करून राहिली?" म्हटलं की मेसमध्ये हशा. दिवाळीपर्यंत माझी बोली गेली होती. अजून राग येतो. तुमच्या आत असं काही हललंय का? लिहा.

मिरचीभजी: सेम गो बाय. माझी मालवणी अशीच गेली.

चिमणी: वहिनी इम्फाळची. तिकडे २००० पासून बंडखोरांनी हिंदी सिनेमे बंद केले, मग केबलवर आरिरांग हे कोरियन चॅनल. आपल्याकडे गंधही नव्हता तेव्हापासून ती कोरियन मालिका बघतेय. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा रस्त्यात 'चिनी' म्हणून हाका मारायचे. आता सोसायटीतल्या मुली "किती कोरियन दिसतेस" म्हणत सेल्फी काढतात. मणिपूरचं नाव तेव्हाही कुणी घेतलं नाही, आताही नाही. फार लागतं तिला.

कुकर३शिट्ट्या: तोकबोकी (तांदळाच्या वळ्यांचा तिखट कोरियन पदार्थ) घरी केलीय का कुणी? मुलगा मागे लागलाय.

दुभाषी_रांजणगाव: मालिकांच्या नादाने भाषा शिकले, टोपिक ही कोरियन भाषेची परीक्षा दिली, आता कारखान्यात दुभाषी. नवा कोरियन साहेब आधी वय विचारतो, मग कसं बोलायचं ते ठरवतो. बाबांना वाटायचं पोरगी परकी होणार. उलट लाइनवर दिवसभर बीड-पारनेरची मराठी कानावर असते. "ताई, सायबाला सांगा, बेल्ट कुरकुरायलाय." तेच कोरियनमध्ये सांगते. यवतमाळकरीण, आमच्यात वर्ध्याची एक आहे, बिनधास्त "करून राहिलो" म्हणते. कुणी हसत नाही.

शशीकाका: मुलाने केस जांभळे केले. कॉलेजात 'बायल्या' म्हणतात. घरी गप्प असतो.

मिरचीभजी: काका, तुम्ही त्याच्या बाजूने आहात हे त्याला तोंडाने सांगा. आजच. @कुकर, तांदळाच्या पिठीची मोदकासारखी उकड काढ, मळून लांब वळ्या कर, गोचुजांगमध्ये (कोरियन मिरचीची पेस्ट) शिजव.

यवतमाळकरीण: चिमणी, वहिनींनाच लिहू दे ना इथे. मराठी जमत नसेल तर तू टंक.

चिमणी: विचारते संध्याकाळी.

कुकर३शिट्ट्या: गोचुजांग नाही मिळालं तर लाल तिखट चालेल?

मिरचीभजी: चालेल. थोडा गूळ घाल.