नागपूर ते पुणे, ६ टीबी (टेराबाइट) स्कॅन : डिस्क की नेट?

एक्सरे_बाबा : रेडिऑलॉजी सेंटरचा जुना डायकॉम (स्कॅनच्या चित्रांचा फाइल-प्रकार) साठा, ६ टीबी, पुण्याच्या नव्या सर्व्हरवर हलवायचाय. नागपूरला अपलोड १०० एमबीपीएस. फायलींत पेशंटची नावं आहेत, वाटेत काही फुटायला नको. कुरिअर की नेट?

कुलूपकिल्ली : १०० एमबीपीएस अखंड मिळालं तरी साडेपाच दिवस, आणि ते कधीच मिळत नाही. डिस्कच पाठवा. एक नको, दोन, वेगवेगळ्या दिवशी. पुण्यात पडताळणी होईपर्यंत मूळ प्रतीला हात लावायचा नाही. डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद करा : दोन्हीकडे लिनक्स असेल तर लुक्स, नाहीतर व्हेराक्रिप्ट. त्यात फाइल सिस्टिम म्हणून फॅट निवडू नका, ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. पासफ्रेज सहा-सात असंबद्ध शब्दांचा ठेवा आणि पार्सलची पोच आल्यावरच फोनवर सांगा. खोक्यात चिठ्ठी टाकणारे महाभाग असतात, म्हणून लिहिलं.

बाइटवाला : डायकॉमच्या लाखो बारक्या फायली सुट्या कॉपी केल्यात तर यूएसबी डिस्क रडते, एसएमआर प्रकारची (खूप लिहिताना मंदावणारी) असेल तर विचारूच नका. महिनावार टार करा, म्हणजे एका महिन्याच्या सगळ्या फायलींची एकच गठडी-फाइल. प्रत्येक टारचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) नागपुरातच काढा आणि ती यादी डिस्कबरोबर न पाठवता वेगळी पाठवा. एखादा जुळला नाही तर तेवढाच महिना पुन्हा मागवायचा. टारच्या नावात पेशंटचं नाव येऊ देऊ नका, कारण यादी बाहेर फिरते.

एक्सरे_बाबा : डिस्क वाटेत असताना इथं नवे स्कॅन होतच राहणार, त्यांचं काय?

कुलूपकिल्ली : ते एसएसएचवरून (सुरक्षित जोडणी) आरसिंकने (फक्त नवं-बदललेलं पाठवणारं साधन). पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट (त्याच्या ओळखीची अक्षरमाळ) पुण्याला फोन करून ताडून घ्या. डोळे मिटून ‘यस’ दाबू नका. पुण्यात टार उघडल्यावर फोल्डरची रचना नागपूरसारखीच हवी, नाहीतर आरसिंकला जुनंही नवं वाटेल. खरी गोम आरसिंकच्या आज्ञेतल्या ‘/’ या तिरक्या रेघेत आहे. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी ती टाकायची राहिली, तर पुण्यात फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर तयार होतो आणि आख्खे ६ टीबी पुन्हा जायला लागतात. म्हणून आधी ‘ड्राय-रन’ लावा, म्हणजे काही न पाठवता नुसती यादी दिसते. यादीत शेकड्यांऐवजी लाखो फायली दिसल्या तर तिथंच थांबा. दिवसा बँडविड्थची मर्यादा ५००० (सेकंदाला किलोबाइट) ठेवा, म्हणजे साधारण ४० एमबीपीएस. ओपीडीचं काम अडणार नाही.

एक्सरे_बाबा : पाठवण्याआधी नावं काढून टाकली तर?

बाइटवाला : उपचारासाठीचा साठा आहे, नावं काढलीत तर जुना स्कॅन कुणाचा ते कळणार कसं? शिवाय सोनोग्राफीत नाव बहुतेकदा चित्रावरच छापलेलं असतं, हेडर (फाइलमधली पेशंटची माहिती) साफ केलं तरी ते राहतं.