‘निःपक्षपाती’ की ‘रास्त’? पोलिसांच्या वागणुकीसाठी नेमका शब्द

प्रश्न : पोलीस नीट वागतात असं वाटणाऱ्यांचं आणि तसं न वाटणाऱ्यांचं रास्ता रोको, घेराव अशा आंदोलनांबद्दल मत वेगळं असतं का, हे पाहणारी प्रश्नावली मराठीत करायची आहे. ‘पोलीस निःपक्षपाती आहेत’ हे विधान पुरेल का? आणि जनजीवन विस्कळीत करणाऱ्या आंदोलनाला कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद १ : पुरणार नाही. निःपक्षपाती म्हणजे कोणाची बाजू न घेणारा, एवढंच. सगळ्यांवर सारखाच खेकसणारा पोलीसही निःपक्षपाती ठरतो! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांच्या मांडणीत माणसं चार गोष्टींवरून पोलिसांना जोखतात : आपली बाजू मांडू दिली का, निर्णय तटस्थपणे घेतला का, मानाने वागवलं का, हेतू चांगला होता का. ‘निःपक्षपाती’त यातली फक्त दुसरी येते. ‘रास्त वागणूक’ चारही पोटात घेते, म्हणून शीर्षकाला ती वापरा. खाली मात्र प्रत्येकीसाठी सुटं विधान हवं, उदाहरणार्थ ‘पोलीस कारवाईचं कारण सांगतात’. ‘पोलीस आदराने आणि समानतेने वागतात’ असं जोडविधान नको. उत्तर कोणत्या अर्ध्याला दिलं ते कधीच कळत नाही.

प्रतिसाद २ : ‘न्यायी’ही टाळा. न्याय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर निकाल येतो : चोर सापडला, शिक्षा झाली. तुम्हाला विचारायची आहे वागण्याची रीत. बोलीतलं ‘डावं-उजवं करणं’ एरवी चपखल आहे, पण आंदोलनांच्या प्रश्नावलीत ते राजकारणातले डावे-उजवे वाटतील. ‘दुजाभाव’ सुरक्षित.

प्रतिसाद ३ : दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘अडवणूक’ या शब्दातच ठपका आहे, आणि ‘हिंसक’ तर सरळ चुकीचा. शब्द शोधण्याऐवजी कृती लिहा : ‘मुख्य रस्ता दोन तास बंद ठेवणे’. अवधी गाळला तर एकाच्या मनात दहा मिनिटं असतात, दुसऱ्याच्या मनात अख्खा दिवस. मागणी आणि मार्ग यांचे प्रश्न वेगळे ठेवाच; ‘मागणी पटते, मार्ग पटत नाही’ म्हणणारे पुष्कळ असतात. ‘पाठिंबा’ आणि ‘समर्थनीय’ यांतही गल्लत नको. पाठिंबा नसूनही कृती समर्थनीय वाटू शकते, आणि पोलिसांबद्दलचं मत बहुधा तिथेच काम करतं. दाद मागायला जागा आहे असं वाटणारा विचारतो, रस्ता कशाला अडवायचा? दाद लागतच नाही असं वाटणाऱ्याला तोच रस्ता अडवणं रास्त वाटतं.

प्रश्नकर्ता : म्हणजे पोलिसांचे प्रश्न आधी विचारावेत?

प्रतिसाद ३ : निम्म्यांना आधी, निम्म्यांना नंतर. आधी विचारलेल्या प्रश्नाचा रंग पुढच्या उत्तरावर चढतो.

प्रतिसाद १ : आणि आंदोलन पोलिसांविरुद्ध आहे की आणखी कशाविरुद्ध, हे विधानात स्पष्ट हवं. पोलिसांविरुद्ध असेल तर दोन्ही उत्तरं एकाच रागातून येतात. शिवाय पोलिसांच्या कारवाईचा परिणाम उलटही होतो. क्लिफर्ड स्टॉट आणि स्टीफन रायकर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी जमावांचा अभ्यास करून दाखवलं की पोलिसांनी सरसकट बळ वापरलं, तर शांत उभे असलेलेही आक्रमक आंदोलकांच्या बाजूला सरकतात. त्या ‘सरसकट’साठी एक विधान ठेवाच : ‘पोलीस गोंधळ घालणारे आणि शांत बसलेले यांच्यात फरक करतात.’