मदत हवी आहे: भाचीला विमानांच्या चाचणीच्या कामात जायचंय, सरकारी रस्ता कोणता?

वैनगंगाकाठी

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

भाची नागपूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासात बरी, एनसीसीत आहे, चष्मा आहे (नंबर दीड). आमचं गाव गोंदियाजवळ, त्यामुळे बिरशीच्या विमानतळावरून उडणारी शिकाऊ विमानं लहानपणापासून डोक्यावर. पण हिला विमान चालवण्यापेक्षा "नवीन विमान पहिल्यांदा उडतं तेव्हा त्याचं काय काय मोजतात" यातच जास्त रस. फ्लाइट टेस्ट इंजिनिअर व्हायचं म्हणते.

आता अडचण. भाऊजींना नागपुरात एक करिअर सल्लागार भेटला. त्याचं म्हणणं असं, की आधी पन्नासेक लाख भरून कमर्शियल पायलटचं लायसन काढा, मग सरकारी चाचणी केंद्रात "टेस्ट पायलट" म्हणून थेट घेतात. त्याच्या ओळखी आहेत म्हणे. भाऊजी दोन एकर धानाची जमीन विकायला निघालेत. बहिणीनं मला फोन केला, मला यातलं काही कळत नाही, म्हणून इथे आलो.

प्रश्न असे:
१. त्या सल्लागाराचं म्हणणं खरं आहे का?
२. आपल्याकडे विमानांचं संशोधन आणि उड्डाण-चाचणी करणाऱ्या सरकारी संस्था कोणत्या, आणि मेकॅनिकलवाल्या मुलीला तिथे शिरता येतं का?
३. कामात धोका किती? हा बहिणीचा प्रश्न आहे, तिला काय सांगू?

---

चकलीबहाद्दर

जमीन विकू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

कळसूत्री

वैनगंगाकाठी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तिथे जमीन अडकली आहे. नाही, खरं नाही. कमर्शियल लायसन म्हणजे दोनशे तासांचं उड्डाण, डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या परीक्षा आणि क्लास वन मेडिकल. त्यावर एअरलाइनच्या दारात उभं राहता येतं. टेस्ट पायलट ही वेगळी जमात. भारतात ते जवळजवळ सगळे सैन्यदलांतून येतात. आधी लढाऊ विमान, वाहतूक विमान किंवा हेलिकॉप्टरवर काही वर्षं काढायची, मग निवड होऊन बंगळुरूच्या एअर फोर्स टेस्ट पायलट्स स्कूलमध्ये जवळपास वर्षभराचा कोर्स. एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचे टेस्ट पायलटही बहुतेक याच रांगेतून आलेले. दोनशे तासांच्या लायसनवर "थेट घेतात" असं सांगणारा माणूस काय विकतोय ते उघड आहे.

तुमच्या बिरशीला जी शाळा आहे ती भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतली. रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे, ती केंद्र सरकारची. दोन्हीकडे विमान चालवायला शिकवतात. ज्याला पायलट व्हायचंय त्याच्यासाठी चांगल्या जागा, पण भाचीला हव्या त्या गावाला ही गाडी जात नाही.

आता दुसरा प्रश्न. मी बंगळुरूत याच परिसरात नोकरी करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

संशोधन म्हटलं की पहिलं नाव राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, बोलीभाषेत एनएएल. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेची संस्था, १९५९ साली दिल्लीत सुरू झाली, पुढच्याच वर्षी बंगळुरूला आली आणि सुरुवातीला जयमहाल रस्त्यावरच्या म्हैसूरच्या महाराजांच्या राजवाड्याच्या तबेल्यात तिचं ऑफिस होतं. आज तिथे १.२ मीटरचा ट्रायसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या खाली, आसपास आणि वर चालणारा पवनबोगदा आहे, १९६७ पासून चालू. हवा मोठमोठ्या टाक्यांत दाबून भरून ठेवतात आणि बोगद्यात ठेवलेल्या मॉडेलवर एकदम सोडतात. प्रयोग मिनिटभरही टिकत नाही, आणि त्यासाठी तयारी मात्र कित्येक दिवसांची. देशातल्या मोठ्या विमान, क्षेपणास्त्र आणि रॉकेट प्रकल्पांची मॉडेलं त्यात फुंकून निघालेली आहेत. हंसा हे दोन आसनी शिकाऊ विमान आणि सारस हे छोटं प्रवासी विमान एनएएलचंच.

पण पवनबोगद्यात मॉडेल असतं. खरं विमान उडवून मोजायचं काम दुसऱ्यांचं. त्यात मुख्य एएसटीई, म्हणजे हवाई दलाची विमानं आणि यंत्रणा तपासणारी आस्थापना. १९७२ ला कानपूरला सुरू झाली, १९७३ ला बंगळुरूला हलली. वर सांगितलेली टेस्ट पायलट शाळा हिच्याच छताखाली. दुसरं म्हणजे राष्ट्रीय उड्डाण चाचणी केंद्र, ते एडीएच्या (तेजस हे लढाऊ विमान आखणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अखत्यारीत. तेजस ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडालं, त्या चाचण्यांमागे हेच केंद्र. ही दोन्ही आणि एचएएल, सगळे जुन्या एचएएल विमानतळाच्या एकाच धावपट्टीभोवती बसलेत. तिसरं, वैमानिकविरहित विमानांसाठी डीआरडीओची (सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची) चाचणी पट्टी. ती चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ आहे, २०१७ ला तिचं उद्घाटन झालं.

काही गोष्टी आपल्याकडे अजून नाहीत, हेही भाचीला माहीत असू द्या. कावेरी हे देशी जेट इंजिन हवेत तपासायची वेळ आली तेव्हा ते रशियात न्यावं लागलं, २०१० साली तिथल्या ग्रोमोव्ह संस्थेच्या आयएल-७६ विमानाला लावून उडवलं. असं उडतं टेस्ट बेड, म्हणजे इंजिन लावून तपासायचं विमान, आपल्याकडे नाही, म्हणजे हिच्या पिढीला काम भरपूर पडलंय.

फ्लाइट टेस्ट इंजिनिअर नेमकं काय करतो, तर कोणती चाचणी, किती उंचीवर, किती वेगात, कुठल्या क्षणी थांबायचं याचं टेस्ट कार्ड बनवतो. विमानात कुठे कुठे सेन्सर बसवायचे ते ठरवतो. उड्डाणावेळी कधी जमिनीवर टेलिमेट्रीच्या (विमानातून थेट येणाऱ्या आकड्यांच्या) पडद्यासमोर बसून आकडे बघतो, तर कधी स्वतः विमानात असतो. परत आल्यावर आकडे उलगडून सांगतो की विमान कागदावर लिहिल्याप्रमाणे वागलं की नाही. मेकॅनिकलचं पोर हे उत्तम करू शकतं. व्हायब्रेशन आणि कंट्रोल सिस्टीम हे दोन विषय मात्र मनापासून करायला सांगा, तिथे घोकंपट्टी चालत नाही.

---

निळी_टोपी

मी हवाई दलातून निवृत्त, टेक्निकल शाखा. कळसूत्री यांनी संस्था छान सांगितल्या, मी दार कुठलं ते सांगतो.

त्या टेस्ट पायलट शाळेत फ्लाइट टेस्ट इंजिनिअरचा कोर्स टेस्ट पायलटांच्या बरोबरीनंच चालतो. बहुतेक विद्यार्थी हवाई दलाचे अभियांत्रिकी अधिकारी. एचएएल आणि डीआरडीओसारख्या संस्थाही आपली माणसं पाठवतात. बाहेरच्या माणसानं फी भरून बसायची ती जागा नाही. नोकरीत असताना पगार घेत शिकायचं.

म्हणून सरळ रस्ता असा. शेवटच्या वर्षाला गेली की एएफकॅट, म्हणजे हवाई दलात अधिकारी भरतीची परीक्षा. वर्षातून दोनदा होते. ग्राउंड ड्यूटी टेक्निकल शाखेला वय २० ते २६. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात, पण बॅकलॉग ठेवू नका. मग निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत, मग मेडिकल. निवड झाली की दुंडिगलला अकादमी, त्यानंतर बंगळुरूला जलाहळ्ळीत टेक्निकल कॉलेज. पुढे काही वर्षं स्क्वाड्रनवर विमानांची देखभाल करत हात काळे करायचे, आणि मग कोर्ससाठी नाव द्यायचं. चष्म्याचं म्हणाल तर फ्लाइंग शाखेचे डोळ्यांचे निकष कडक आहेत, टेक्निकलला मर्यादेत मुभा असते. नक्की आकडा जाहिरातीत बघा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका.

मुलींना घेतात का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण बहिणीच्या मनात असणार. २०२१ मध्ये स्क्वाड्रन लीडर आश्रिता ओलेटी हा कोर्स पूर्ण करून हवाई दलाच्या पहिल्या महिला फ्लाइट टेस्ट इंजिनिअर झाल्या. त्यांनीही आधी अशीच काही वर्षं नोकरी केली होती. भाचीला म्हणावं, शोधून वाच.

एक कडू गोष्टही सांगतो. कोर्स मिळेलच याची हमी कोणी देणार नाही. जागा थोड्या असतात. हवाई दलाचा अधिकारी म्हणून जगायला आवडणार असेल तरच या रस्त्यानं या. एका कोर्सवर डोळा ठेवून गणवेश घातला तर बदली लेहला झाली की मन मोडतं.

---

ओझरकर

नाशिकवाल्यांना विसरलात राव! आमच्या ओझरला एचएएल आहे. मिग बनली, सुखोई-३० बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथल्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. तो आवाज आमच्या गच्चीवर ऐकू आला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कामाचं सांगायचं तर इथे होते ती उत्पादनाची चाचणी. विमान तयार झालं किंवा ओव्हरहॉल होऊन निघालं, की हवाई दलाच्या ताब्यात देण्याआधी एचएएलचा टेस्ट पायलट ते उडवून बघतो. नवीन डिझाइन कुठवर ताणता येतं ती सीमा शोधणं वेगळं, आणि ठरलेल्या डिझाइनप्रमाणे हे विमान बनलंय का ते बघणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं काम इथे रोज असतं. शिवाय विमानांच्या अपग्रेडचं डिझाइन सेंटरही ओझरलाच आहे. पदवीनंतर एचएएलमध्ये ग्रॅज्युएट अप्रेंटिस घेतात, वर्षभराची असते, स्टायपेंड थोडा. पण विमानाला हात लागतो. महाराष्ट्रात राहून एवढं दुसरीकडे मिळायचं नाही.

---

चकलीबहाद्दर

ओझरकर, गच्चीवर एक बैठक ठरवा, चकल्या माझ्याकडून.

---

अर्धवटराव_बीई

गणवेश नको असेल तर? माझ्या वर्गातली एक मुलगी गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटी कानपूरला एरोस्पेसमध्ये एमटेकला गेली. तीही मेकॅनिकलचीच. तिथे कॅम्पसमध्येच धावपट्टी आणि फ्लाइट लॅबोरेटरी आहे. विद्यार्थी विमानात बसून चाचणीचे आकडे स्वतः नोंदवतात. देशात असं दुसरं कॉलेज मला तरी माहीत नाही. शिवाय ३ मीटर बाय २.२५ मीटरचा राष्ट्रीय पवनबोगदाही तिथेच. गेट तिसऱ्या वर्षातही देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. त्याच गुणांवर डीआरडीओची सायंटिस्ट-बी ची भरतीही निघते.

---

कळसूत्री

+१. कानपूरचं मी लिहायला हवं होतं. त्यात भर: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एनएएलमध्ये करायचा प्रयत्न करा. कॉलेजचं पत्र लागतं, अर्ज बरेच आधी करावा लागतो. पाच-सहा महिने तिथे काढले की हे आपल्याला खरंच आवडतं का तेही कळतं. दिवसेंदिवस एकाच सेन्सरच्या कॅलिब्रेशनवर बसायची तयारी हवी. पहिलं उड्डाण टीव्हीवर दिसतं, त्याआधीची टॅक्सी ट्रायल (विमान नुसतं धावपट्टीवर पळवून बघणं), हजारो पानांची कागदपत्रं आणि पुढे ढकललेली उड्डाणं दिसत नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून मीच लिहितो. धोका आहे. ६ मार्च २००९ ला सारसचा दुसरा नमुना बंगळुरूजवळ बिडदीला पडला. एक इंजिन हवेत बंद करून पुन्हा सुरू करायची चाचणी होती. दोन टेस्ट पायलट आणि एक फ्लाइट टेस्ट इंजिनिअर, तिघेही हवाई दलाचे, तिघेही गेले. चौकशीत आढळलं की इंजिन पुन्हा सुरू करायची डिझाइनरनं आखलेली पद्धतच चुकीची होती, आणि ती पुरेशी उंची नसताना वापरली गेली. सारस पुन्हा उडायला, म्हणजे सुधारलेल्या रूपात, जानेवारी २०१८ उजाडलं. बहिणीला हे लपवू नका. सोबत हेही सांगा की असे अपघात विरळ आहेत, आणि इंजिनिअरच्या कामाचे बहुतेक तास जमिनीवर जातात. "ही चाचणी आज नको" म्हणायची हिंमत हा या नोकरीचाच भाग आहे.

---

वैनगंगाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

धागा भाचीला पाठवला. तिनं बिडदीचा परिच्छेद आईला स्वतः वाचून दाखवला. बहीण तासभर बोलली नाही, मग म्हणाली, "परीक्षा तर देऊ दे." भाऊजींनी सल्लागाराला टोकन दिलं नव्हतं, नशीब. जमिनीचा विषय सध्या बंद, निदान या हंगामापुरता.

ठरलं असं: या हिवाळ्यात गेट सरावासाठी देईल, एनएएलला प्रोजेक्टचा अर्ज कॉलेजमधून करेल, आणि शेवटच्या वर्षात एएफकॅट. निळी_टोपी साहेब, एक शेवटचं विचारतो. त्या पाच दिवसांच्या मुलाखतीच्या तयारीला पुन्हा क्लासवाले लाखभर मागतायत. त्याला काही सरकारी पर्याय?

---

निळी_टोपी

आहे. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी करून घेतात, राहणं-जेवण-शिकवणं मोफत, मुलींनाही घेतात. वर्षात बऱ्याच बॅच निघतात. प्रवेशाच्या अटी जाहिरातीत असतात, त्यात एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट ए किंवा बी श्रेणीत असणं ही एक वाट आहे. तुमची भाची एनसीसीत आहेच, तेव्हा ते सर्टिफिकेट हातचं जाऊ देऊ नका. एएफकॅटचं बोलावणं आल्यावर त्यावर प्रवेश मिळतो का, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. फोनवर नको, समक्ष जा, भाचीलाच पाठवा.