पाच गाणी तयार: माइक कोणता घेऊ? आणि ईपी (छोटा आल्बम) एकदम काढू की सुटी गाणी? (बजेट: एकच माइक)

मंद्रा:
शब्द आणि चाल माझीच. ऑल्टर्नेटिव्ह पॉप म्हणता येईल: सिंथ, एक गिटार, ड्रम मशीन आणि कानाशी येऊन गायल्यासारखा हळू आवाज. माइक संगणकाला जोडणारा दोन चॅनेलचा इंटरफेस आहे (कमाल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, ५६ डीबी), हेडफोन आहेत, एक एसएम५८ (शूरचा डायनॅमिक माइक) आहे. खोलीला काहीही केलेलं नाही आणि खिडकी रस्त्याकडे. पैसे एका माइकपुरतेच आहेत, म्हणजे दुसरं काही घेतलं तर माइक नाही. कंडेन्सर (वीज लागणारा, जास्त संवेदनशील) घेऊ की डायनॅमिक (वीज न लागणारा, कमी संवेदनशील)? आणि पाचही गाणी एकदम टाकू की एकेक?

केबलवाला:
शूर एसएम७बी, डायनॅमिक. डोळे झाकून. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' त्यावर गायलाय, विषय संपला. सोबत इनलाइन प्रीअँप (माइक आणि इंटरफेसमध्ये बसून सिग्नल वाढवणारा) घ्या आणि दणकट स्टँड घ्या. हलका स्टँड त्या वजनाने मान टाकतो.

डीबीमोज्या:
विषय संपला नाही. 'थ्रिलर' १९८२चा, एसएम७बी आला २००१मध्ये. तेव्हा होता तो एसएम७.
धागाकर्तीने आवाज हळू आहे असं लिहिलंय, ते वाचलंत का? आणि बजेट एका माइकचं आहे, तुम्ही तीन वस्तू सांगितल्यात. एसएम७बीची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच आवाजाला माइक किती सिग्नल देतो; शून्याच्या जितकी जवळ तितका जास्त) −५९ डीबी, त्याला निदान ६० डीबी गेन लागतो. ५६वर नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी हळू आवाजाला कमीच पडणार. मग सॉफ्टवेअरमध्ये पातळी वाढवाल आणि इंटरफेसमधल्या प्रीअँपची सगळी हिस (सळसळ) सोबत वर येईल. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा कंडेन्सर −३७वर आहे, म्हणजे २२ डीबी जास्त सिग्नल, पण त्याचा स्वतःचा नॉइज २० डीबी. रोड एनटी१ या कंडेन्सरचा ४.५ किंवा त्याहून कमी. कुजबुजत गायचं असेल तर हा आकडा आधी बघा. कंडेन्सरला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्या केबलमधून जाणारी वीज) इंटरफेसवर असतोच.

निशाचर:
एनटी१ +१. एसएम५८वर गंभीर रेकॉर्डिंग होत नाही, तो स्टेजचा माइक.

केबलवाला:
कंडेन्सर खोली पकडतो, रस्ता पकडतो. उघड्या खोलीत एनटी१ म्हणजे हॉर्नचा आल्बम होईल. डायनॅमिकच.

तिसरीओळ:
हे प्रत्येक धाग्यावर येतं आणि प्रत्येक वेळी अर्धवटच असतं. दोन्ही माइक कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त, मागचा कमी घेणारे) असतील, तोंडापासून अंतर सारखं असेल आणि पातळी जुळवून घेतली, तर आवाज आणि खोली यांचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. डायनॅमिकवर खोली कमी वाटते कारण लोक त्याला ओठ लावून गातात. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डीबीने वाढतो, खोली तेवढीच राहते. खरी किल्ली तिथे आहे.

मंद्रा, हळू आवाजासाठी १०-१२ सेंमी अंतर ठेवा, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी), आणि माइक किंचित तिरका म्हणजे 'प', 'फ'ची फुंकर बाजूने जाईल. इतक्या जवळून २०० हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो. तिथे इक्वलायझरने २-४ डीबी कमी करा, ८० हर्ट्झखालचं सगळं कापा. रस्त्याची गुरगुरही बरीचशी त्यातच जाईल. हॉर्न नाही जाणार, त्यासाठी शांत वेळच गाठावी लागते.
जाड गोधडी माइकमागे नको, *तुमच्या पाठीमागे* टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. माइक तुमच्याकडे बघतो, त्यामुळे त्याला ऐकू येते ती तुमच्या मागची भिंत. कोपऱ्यात उभं राहू नका. पातळ फोम भिंतभर चिकटवण्यात पैसे घालू नका: तो फक्त वरचा चमकदार भाग खातो, खालची घुमघुम तशीच राहते आणि खोली डब्यासारखी वाटते.

निशाचर:
मीही तेच म्हणतोय, गोधडी लावा आणि एनटी१ घ्या.

सारंगा:
माइकवरच धागा अडकलाय. दुसऱ्या प्रश्नाचं काय? एकेक काढा, दर पाच-सहा आठवड्यांनी एक. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट लावणाऱ्या संपादकांकडे एका वेळी एकच अप्रकाशित गाणं सुचवता येतं. ते निदान ७ दिवस आधी सुचवलं तर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्येही (नव्या गाण्यांची आठवड्याची प्लेलिस्ट) जातं. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी) मात्र तीन-चार आठवडे आधी द्या, कारण कव्हर नाकारलं गेलं की आठवडा तिथेच जातो. कव्हर ३००० × ३००० पिक्सेल, त्यावर सोशल मीडियाचं हँडल किंवा वेबसाइटचा पत्ता नको.
नंतर तीच गाणी ईपीत घ्याल तेव्हा जुनाच आयएसआरसी द्या, म्हणजे रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा तोच १२ अक्षरी कोड, आणि फाइल, नाव, लांबी तीच ठेवा. नवा कोड पडला की ते वेगळं गाणं ठरतं आणि आधीचे प्ले मागेच राहतात. २०२४पासून स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १००० प्ले झाल्याशिवाय त्या रेकॉर्डिंगचे पैसे मोजलेच जात नाहीत, म्हणून हे महत्त्वाचं.

मंद्रा:
पण न्यूझीलंडच्या गायिका लॉर्डने पहिली ईपी २०१२च्या नोव्हेंबरमध्ये साउंडक्लाउडवर फुकट, पाचही गाणी एकदम टाकली होती ना?

सारंगा:
टाकली, पण ती २००९पासून युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीशी करारबद्ध होती. मागे कंपनी असलेल्यांचं 'एकदम' आणि आपलं 'एकदम' यात फरक आहे.

केबलवाला:
कंपनी मागे असणं म्हणजे वरदान नव्हे. ब्रिटिश गायिका रे २०१४पासून पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीकडे होती, पूर्ण आल्बम निघेना. २०२१मध्ये बाहेर पडली, २०२३मध्ये स्वतंत्रपणे काढला आणि २०२४मध्ये एका रात्रीत सहा ब्रिट अवॉर्ड. मास्टर (मूळ रेकॉर्डिंगचे हक्क) स्वतःचे ठेवा.

तिसरीओळ:
अवांतर आहे, पण मास्टरचा मुद्दा बरोबर. ड्रमचे बीट विकत किंवा भाड्याने घेतले असतील तर परवाना नीट वाचा. नॉन-एक्स्क्लुझिव्ह असेल तर तोच बीट इतरांच्याही गाण्यात असतो. कोणी त्यावर कंटेंट आयडी (यूट्यूबची हक्क ओळखणारी यंत्रणा) लावला की दावा तुमच्या व्हिडिओवर येतो. कुणी चालीत किंवा शब्दांत हात लावला असेल तर वाटे टक्क्यांत, लिहून, गाणं बाहेर पडण्याआधी ठरवा.

डीबीमोज्या:
मास्टर, म्हणजे अंतिम फाइल, −१४ एलयूएफएसला (सरासरी मोठेपणाचं माप), ट्रू पीक (सर्वांत उंच टोक) −१ डीबी. त्याहून मोठा असेल तर पीक −२.

निशाचर:
सगळी व्यावसायिक गाणी −८ला असतात. −१४ फार बारीक.

डीबीमोज्या:
स्पॉटिफाय ती खाली आणूनच वाजवतो. आणि पूर्ण ईपी सलग ऐकली तर गाण्यांमधला लहानमोठेपणा तो जपतो, म्हणून हळू गाणं मुद्दाम हळूच ठेवा.

मंद्रा:
सगळ्यांचे आभार. ठरलं: माइक घेत नाही. एसएम५८ची सेन्सिटिव्हिटी −५४.५ आहे, म्हणजे एसएम७बीपेक्षा साडेचार डीबी जास्तच, आणि ओठ लावून गायलं तर ५६ डीबी पुरतात. पैसे मिक्सिंग इंजिनिअरला (सगळे ट्रॅक जुळवून गाणं बांधणारा) देते. अमेरिकी गायिका बिली आयलिशचा पहिला आल्बम घरच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड झाला हे सगळे सांगतात, पण मिक्स रॉब किनेल्स्कीने आणि मास्टरिंग जॉन ग्रीनहॅमने केलं, ते कुणी सांगत नाही. आणि पाचही गाणी एकदमच काढणार. ती एकामागून एक ऐकायची आहेत.

सारंगा:
मग चार संधी हातच्या घालवताय. निदान संपादकांना सुचवायला पाचातलं सर्वांत चांगलं निवडा, पहिलं आहे म्हणून पहिलं नको.

केबलवाला:
आणि तो आल्बम न्यूमन टीएलएम १०३ या कंडेन्सरवर गायलाय, ५८वर नाही. तेही सांगा.

डीबीमोज्या:
इंजिनिअरला फाइल देताना प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारा, २४ बिट वेव्ह, मास्टर ट्रॅकवरचा लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा) काढून. डबल केलेले आवाज (तीच ओळ पुन्हा गाऊन घेतलेले) वेगळे द्या, एकत्र करून नको. त्यातले 'स' आणि 'ट' एकमेकांवर आदळतात, मुख्य आवाज सोडून बाकीच्यांतले ते कापावेच लागतात. टेम्पो फाइलच्या नावातच लिहा.