साठीपुढच्या आठ जणी, वजनाचा गट दोनदा मोडला. सल्ला हवा

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. वय ६३, पोस्टातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. उंची जेमतेम पाच फूट, वजन ७१. गुडघे कुरकुरतात, साखर काठावर आहे. डॉक्टर दर खेपेला "वजन उतरवा" एवढंच सांगतात, जणू ते औषधाच्या दुकानात मिळतं.

सोसायटीत माझ्या वयाच्या आठ जणी आहोत. गेल्या वर्षी गट काढला. रोज सकाळी सहाला भागशाळा मैदानावर चालायचं आणि रविवारी एकीच्या घरी काट्यावर उभं राहून आकडे वहीत लिहायचे. पहिला महिना अगदी जोरात. दुसऱ्या महिन्यात वजनाबरोबर चहा आला, चहामागून पोहे, मग "आज माझ्याकडे साबुदाणावडे". तिसऱ्या महिन्यात वही हरवली. (हरवली नाही. कोणाच्या कपाटात आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिचे अडीच किलो वाढले होते.) दिवाळीनंतर पुन्हा सुरू केलं, संक्रांतीला बंद.

आता तिसऱ्यांदा करायचं म्हणतेय. वजन सगळ्यांसमोर करावं की नाही? नुसतं चालून भागतं का? सात वाजता नातवंडांचे डबे असतात, त्यामुळे हातात तासभरच आहे. आणि एक नाजूक गोष्ट. गटातली एक जण वजन उतरवायची पावडर विकते आणि प्रत्येकीच्या मागे लागते. तिला दुखवायचंही नाही, सतरा वर्षांची शेजारीण आहे.

साखरझोप

आमच्या गटाचं नाव 'हलकंफुलकं' होतं. हलकं कोणी झालं नाही. धागा वाचतेय.

चौथी पायरी

डोंबिवलीकरीणताई, आमचा नाशिकचा गट सहा वर्षं चाललाय, म्हणून थोडं अधिकारवाणीने लिहिते.

वही ठेवा, पण वजनाची नको, हजेरीची ठेवा. पहिल्या वर्षी आम्हीही काटा मध्ये ठेवला होता. त्यात होतं काय, की जिचं वाढलंय ती त्या रविवारी येत नाही. पुढच्या रविवारी लाजेने येत नाही. तिसऱ्या रविवारी तिला पाहुणे येतात. म्हणजे जिला गटाची जास्त गरज, तीच आधी गळते.

आमचा नियम एकच. उद्या येणार नसाल तर रात्री नऊच्या आत सांगा, कारण द्यायची गरज नाही. न सांगता आली नाही, तर दोघींनी जाऊन तिच्या दाराची बेल वाजवायची. ओरडायचं नाही, उपदेश नाही. नुसतं "काय गं, बरी आहेस ना?" एवढंच.

या बेलमुळे एक गोष्ट कळली ती सांगते. एक जण दर दोन दिवसांनी दांडी मारायची. कधी गुडघा, कधी कामवाली. एकदा मी एकटीच गेले. उंबऱ्यातच उभी राहिली, पदराशी चाळा करत. मग हळूच म्हणाली, "खोकला आला की थेंब सुटतात गं. मैदानावरचं बाथरूम आठपर्यंत कुलूपबंद. ओल्या साडीने परत कशी येऊ?" पाणीही प्यायचं बंद केलं होतं बिचारीने. आणि आम्ही तिला आळशी म्हणत होतो. पुढच्या आठवड्यात हे गटात मी स्वतःबद्दल म्हणून बोलले (खोटं नव्हतं), तर अकरापैकी पाच जणींनी माना डोलावल्या. आता आमचा रस्ता असा आहे की वाटेत दोन मैत्रिणींची घरं लागतात. त्यांची दारं सहा ते सात उघडी.

हाडंस्नायू

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून गप्प राहवलं नाही. चौथी पायरी यांनी लिहिलं ते फार बायका लपवतात. यावर व्यायाम आहे. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवताना जे स्नायू आवळतो, ते पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद पूर्ण सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, पोट आणि मांड्या ताठ करू नका, आणि लघवी करता करता हा व्यायाम करू नका. फरक कळायला तीनेक महिने द्या. शिंकायच्या आधी आवळायची सवय लावली तर आणखी बरं. जळजळ होत असेल किंवा रक्त दिसलं तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आणि पाणी तोडू नका, लघवी दाट झाली की घाई वाढतेच.

आता मूळ प्रश्न. नुसतं चालणं पुरत नाही. या वयात खाणं कमी करून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, हाडंही थोडी झिजतात. काट्यावर आनंद आणि जिन्यात रडं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम चालीचा व्यायाम सांगते (बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही ती चाल मध्यम). त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा आणि ६५ च्या पुढे तीन दिवस तोल सांभाळायचाही व्यायाम. तुमच्या तासातून चाळीस मिनिटं चाला, उरलेली वीस इथे घाला. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं. दूध तापेपर्यंत वीस वेळा सहज होतं, वर दूध उतूही जात नाही. वजन म्हणून लिटरची पाण्याची बाटली घ्या, ती साधारण एक किलो भरते.

काट्याऐवजी मापायला एक चाचणी सांगते. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर फुली करून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहता ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला निदान १२ यावेत, ६५ ते ६९ ला ११, ७० ते ७४ ला १०. त्याखाली आलं तर पाय कच्चे आहेत, पडायचा धोका वाढलेला आहे.

हाडं ठिसूळ निघाली असतील तर कमरेतून पुढे वाकायची आसनं आणि पोटाच्या उठाबशा नकोत, मणका दबू शकतो. ६५ नंतर हाडांची घनता एकदा तपासून घ्याच. आणि छातीत दडपण आलं, चक्कर आली तर गट म्हणून थांबा, "थोडंच राहिलंय" म्हणू नका.

काटेकोर

चौथी पायरी यांच्याशी निम्मी सहमत. काटा अगदी हद्दपार करू नका हो. मी ६६ ची. हजेरी लावून लावून मी दोन वर्षं चालले आणि एक ग्रॅम हलले नाही. का, ते काट्यानेच सांगितलं. चालून आल्यावर "आज झालाय व्यायाम" म्हणून जास्तीची पोळी जात होती.

मग एका मैत्रिणीशी जोडी लावली. दोघीच. शनिवारी सकाळी घरच्याच काट्यावर उभं राहायचं, पायाचा आणि आकड्याचा फोटो एकमेकींना पाठवायचा. तिसरं कोणी बघत नाही. ती "बरं" म्हणते, मी "बरं" म्हणते, बस्स. वर्षात ७४ चे ६८ झाले. यात चहाचा हात मोठा. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी. पहिल्या पंधरवड्यात दीड चमचा, मग एक, आता अर्धा. एकदम बंद केली असती तर घरात भांडणं झाली असती.

दुसरं तेल. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. माणशी महिना अर्धा लिटरच्या आत बसवायचं. आमच्या दोघांना पाच लिटरचा डबा अडीच महिन्यांत संपत होता, हे लिहून ठेवेपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं.

हाडंस्नायू

काटेकोर, जोडीची कल्पना आवडली. त्यात कमरेचं माप घाला. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर धोका धरतात. आणि डोंबिवलीकरीण, ७१ चे एकदम ५५ मनात धरू नका. पाच टक्के, म्हणजे तुमचे साडेतीन किलो उतरले तरी साखर-रक्तदाबाला उपयोग होतो. गुडघ्याचा हिशेब तर फायद्याचा आहे: शरीराचा एक किलो कमी झाला की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो.

पिंगा

पुण्याहून. कोणी मंगळागौरीचं नाव कसं काढलं नाही? आमचा खेळांचा गट आहे, वयं ५४ ते ७१. आषाढात तालीम सुरू, श्रावणात सुपाऱ्या. झिम्मा, पिंगा, आगोटापागोटा, लाट्या बाई लाट्या, सूप नाचवणं. सलग अर्धा तास खेळून बघा, घामाने ब्लाउज पिळून निघतो. वर तोंडाने गाणी म्हणायची, म्हणजे दम किती उरलाय ते आपोआप कळतं. साठीनंतर बसफुगडी आणि कोंबडा मात्र आम्ही बंद केलेत. उभी फुगडीही फक्त चांगल्या हाडांच्या जोड्यांना. हात सुटला तर मनगट गेलंच.

खोट एकच. श्रावण संपला की गट संपायचा. भाद्रपदात मोदक, मग पितृपक्षातले वडे, मग फराळ. मार्गशीर्षात सगळ्या पूर्ववत गोल. म्हणून गेली तीन वर्षं मंगळवारची तालीम बाराही महिने ठेवली आहे, कार्यक्रम असो नसो. ज्या चालायला "कंटाळा येतो" म्हणायच्या त्या याला वेळेआधी हजर असतात.

गोडघाशी

मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी. माझी एकादशी, पोटात फक्त गोळी आणि वर पाच किलोमीटर चाल. रक्तातली साखर एकदम घसरली. हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधार. बरोबरच्या दोघींनी बाकावर बसवून साखर खाऊ घातली म्हणून निभावलं. आता आमच्यातली प्रत्येक जण कमरेच्या पिशवीत तीन चमचे साखरेची पुडी आणि आपल्या गोळ्यांची चिठ्ठी ठेवते. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, मनाने बंद करू नका.

आणि साबुदाणा! एकादशी दुप्पट खाशी उगाच नाही म्हणत. नुसता पिठूळपणा, प्रथिनं जवळजवळ शून्य. ताई, तुमचा गट त्या वड्यांनीच मोडला असं माझं ठाम मत आहे.

हाडंस्नायू

प्रथिनांचं राहिलंच होतं. किलोमागे ०.८३ ग्रॅम असा आपल्याकडचा सरकारी आकडा आहे. ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, कपभर दुधात पाच-सहा, एका अंड्यात सहा. बहुतेक आज्या घरच्यांना वरण वाढतात आणि आपण वरचं पाणी घेतात. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र आकडा स्वतःच्या डॉक्टरांकडून घ्यावा. थायरॉईडची गोळी घेत असाल तर फिरायला निघण्याआधी, रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्या. चहा निदान अर्ध्या तासाने, कॅल्शियम चार तासांनी.

थेम्सकाठी

लंडनजवळून. लेकीकडे राहते. इथल्या बुशी पार्कमध्ये २००४ साली तेरा धावपटूंनिशी सुरू झालेलं पार्करन दर शनिवारी सकाळी नऊला असतं. पाच किलोमीटर, फुकट, चाललात तरी चालतं. मला त्यातलं एकच आवडलं: सगळ्यांच्या मागे चालायचं काम एका स्वयंसेवकाला दिलेलं असतं. त्यामुळे शेवटचं कोणी ठरत नाही. मी ६९ ची, साडीवर बूट घालून जाते. तुमच्या गटातही सगळ्यात जोरात चालणारीला आळीपाळीने मागे ठेवून बघा.

पावडरवाल्या शेजारणीवरून आठवलं. वेट वॉचर्स ही वजन उतरवायच्या कार्यक्रमांची मोठी कंपनी १९६३ ची, पण तिचं मूळ म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जीन निडेच नावाच्या गृहिणीने १९६१ मध्ये मैत्रिणींना घरी बोलावलं आणि आपण लपून बिस्किटं खातो हे त्यांच्यापुढे कबूल केलं. म्हणजे आधी कबुली आणि मैत्रिणी, विक्री नंतरची. तुमच्याकडे क्रम उलटा लागलाय एवढंच.

चौथी पायरी

पावडरवालीला गटाबाहेर काढू नका, तिला काम द्या. आमच्याकडेही एक होती.

डोंबिवलीकरीण

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

आठपैकी सहा जणी टिकल्या आहेत. खुर्चीची चाचणी पहिल्या दिवशी सगळ्यांनी केली. माझे नऊ आले, म्हणजे नापास. काल तेरा. वजन ६९.८, ते फक्त माझ्या जोडीदारणीला माहीत होतं, आता तुम्हालाही. चहा कोणाच्याही घरी नाही, हा ठराव एकमताने झाला आणि पहिल्याच रविवारी मीच मोडला.

कपाटवाल्या बाईंच्या दाराची बेल दोनदा वाजवली. दुसऱ्या वेळी त्यांनी वही आणून दिली. मागच्या कोऱ्या पानांवर आता हजेरी लिहितो.

पावडरवालीच्या हातात घड्याळ आणि शिट्टी दिली. वीस मिनिटांचा व्यायाम तीच घेते. इतकी कडक निघाली आहे की पावडरचं नाव काढायला तिला उसंत नाही, आणि काढलंच तर आम्हाला ऐकायला दम नाही.

आता पाऊस तोंडावर आहे, मैदानात चिखल होईल. पार्किंगमध्ये चालावं म्हणतोय. कोणाचा अनुभव?

पिंगा

पार्किंग बरं, पण ओल्या फरशीवर चपला नकोत, बूटच. आणि सेक्रेटरींना आधी विचारा. आमच्याकडे झिम्म्याच्या आवाजाने एका गाडीचा भोंगा वाजत सुटला आणि सकाळी सव्वासहाला अख्खी इमारत गॅलरीत उभी होती.