‘हिलबिली’ला मराठीत काय म्हणाल?

पानगळ:
एका अनुवादात अडकले आहे. अमेरिकेतल्या पूर्व केंटकीच्या डोंगरात वाढलेल्या एका बाईच्या आठवणी मराठीत आणते आहे. वडील कोळशाच्या खाणीत होते, काम सुटल्यावर डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेले. तिथला मुकादम त्यांना ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरातला अडाणी, म्हणून हाक मारायचा आणि हिलबिलींना खोली देत नाही म्हणून घरमालक दार लावून घ्यायचे. शेवटच्या प्रकरणात हीच बाई म्हणते, मी हिलबिली, माझी आईही हिलबिली, फक्त बाहेरच्याने आम्हाला तसं म्हणू नये. मी सगळीकडे ‘गावंढळ’ लिहिलं होतं. संपादकांनी समासात लिहून पाठवलं, की शिवी म्हणून चालेल, पण अभिमानाने स्वतःला गावंढळ कोण म्हणवून घेईल? त्यांचं बरोबर आहे. दोन्ही ठिकाणी उभा राहील असा एकच शब्द हवा आहे.

घाटमाथा:
डोंगरी. सरळ शब्द आहे.

पानगळ:
पण त्यात शिवी कुठे आहे? मुकादमाने ‘ए डोंगरी’ म्हटलं तर वाचकाला काहीच टोचत नाही.

जुनीवही:
‘गावंढळ’ तसाही अपुराच. गावढं म्हणजे लहानसं गाव. तिथून आलेल्याला शहरी रीतभात कळत नाही, एवढाच त्याचा आवाका. हिलबिलीत फार जास्त कोंबलेलं आहे. १९०० साली ‘न्यू यॉर्क जर्नल’ या वर्तमानपत्राने केलेलं वर्णन बघा: अलाबामाच्या डोंगरात राहणारा, कुणाचं बंधन नसलेला गोरा नागरिक, गाठीला फारसं काही नाही, जमेल तसे कपडे घालतो, वाटेल तसं बोलतो, मिळाली की व्हिस्की पितो आणि लहर आली की रिव्हॉल्व्हर झाडतो. पुढची व्यंगचित्रंही याच धर्तीची. लांब दाढी, अनवाणी पाय, एका हातात बंदूक, दुसऱ्यात दारूचा मातीचा बुधला.

तिठा:
यातला ‘बिली’ म्हणजे इंग्लंडचा राजा विल्यम. उत्तर आयर्लंडहून आलेले लोक त्याचे पाठीराखे, म्हणून ते ‘बिली बॉइज’ आणि डोंगरात राहिले म्हणून हिलबिली. मी हे एका प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलं आहे.

जुनीवही:
ही कथा सगळीकडे सांगतात, पण माझा विश्वास नाही. विल्यमचा काळ सतराव्या शतकाच्या शेवटचा आणि हा शब्द छापून येतो थेट एकोणिसाव्याच्या शेवटी. मधली दोनशे वर्षं तो कुठे होता? स्कॉटलंडच्या बोलीत ‘बिली’ म्हणजे सोबती, मित्र. मला ते पटतं. आपला ‘गडी’ तसाच आहे, खेळगडी आणि राबणारा गडी दोन्ही. ‘डोंगरगडी’ करून बघा.

पानगळ:
ऐकायला गोड आहे, पण घडवलेल्या शब्दाने कुणाचा अपमान होत नाही. शिवी लोकांच्या तोंडात मुरलेली लागते.

चुलवण:
मग ‘गावठी’ घ्या. गावठी म्हटलं की आधी दारू आठवते, मग कट्टा. हिलबिलीच्या चित्रातल्या दोन्ही वस्तू एका शब्दात आल्या. रानात लपवून भट्टी लावून मक्याची चोरटी दारू गाळणं हा त्या डोंगरी भागातला जुना धंदा. मका गाड्याने बाजारात नेणं परवडायचं नाही, दारू करून नेणं परवडायचं. ‘माउंटन ड्यू’ हे याच दारूचं जुनं टोपणनाव, आपल्याकडेही मिळणाऱ्या त्या शीतपेयाला ते टेनेसीत दिलं गेलं. सुरुवातीच्या बाटल्यांवर अनवाणी हिलबिलीचंच चित्र असायचं. आणि अभिमानाचं म्हणाल तर आज गावठी कोंबडी, गावठी अंडी लोक जास्त पैसे देऊन घेतात.

तिठा:
कोंबडीला गावठी म्हणतात, माणसाला नाही.

चुलवण:
म्हणतात. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऐकलं, ‘किती गावठी बोलतेस गं.’ आज मी मुद्दाम तसंच बोलते.

पानगळ:
चुलवणताई, हे माझ्या बाईच्या फार जवळचं आहे. फक्त डोंगर हरवतो.

कोळंबे:
डोंगर हवा असेल तर ‘घाटी’ डोळ्यांसमोर असताना कुणी बोलत का नाही? घाटावरून मुंबईला आलेला, ओझी उचलणारा, मिळेल तिथे दाटीने राहणारा. डेट्रॉइटला गेलेल्या माणसाची गोष्ट हीच आहे.

घाटमाथा:
मी बोललो नाही, त्याला कारण आहे. माझे वडील जावळी खोऱ्यातून मुंबईला गोदीत गेले. पस्तीस वर्षं त्यांनी हा शब्द ऐकला, बसमध्ये, रेशनच्या रांगेत. आमच्या घरात तो उच्चारायला बंदी होती. आजही कुणी गमतीत म्हटलं तरी माझे कान तापतात.

कोळंबे:
आमच्या रत्नागिरीकडे तो शिवी म्हणून नव्हता हो. घाटावरचा तो घाटी, एवढंच.

घाटमाथा:
दादा, म्हणणाऱ्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. ऐकणाऱ्याला काय लागलं ते विचारायला हवं.

रानहळद:
इथे जरा थांबते. शब्द निवडण्याआधी ते चित्र कुठून आलं ते बघावं असं वाटतं. ‘आळशी डोंगरी’ घ्या. १९०९ साली रॉकफेलर या धनाढ्य उद्योगपतीच्या पैशातून अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. हा कृमी अनवाणी पायातून शरीरात शिरतो, आतड्यात रक्त पितो आणि माणूस पांढराफटक, मरगळलेला होतो. म्हणजे व्यंगचित्रातले अनवाणी पाय आणि व्यंगचित्रातला आळस एकाच दुखण्याचे, आणि ते दुखणं गरिबीचं. जमिनीचंही तसंच. केंटकीत शेत कुटुंबाचं आणि खालचा कोळसा कंपनीचा, असे करार पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्या करारांच्या जोरावर कंपन्या वरची जमीन खरवडून काढायच्या. १९८८ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली तेव्हा कुठे त्याला आळा बसला. तिथले लोक अडाणी आणि भांडखोर ठरले की त्यांची जमीन उकरताना कुणाला वाईट वाटत नाही. म्हणून म्हणते, विनोदी छटेचा शब्द अजिबात नको.

तिठा:
मग ‘रेडनेक’ आणि हिलबिली एकच का?

रानहळद:
नाही. उन्हात मान भाजून लाल झालेला शेतकरी तो रेडनेक, त्याला डोंगरच हवा असं नाही. पण १९२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात ब्लेअर माउंटनला हजारो खाणकामगार शस्त्रं घेऊन कंपन्यांविरुद्ध उठले. त्यांनी गळ्यात लाल रुमाल बांधले होते, म्हणून त्यांनाही रेडनेक म्हटलं गेलं. त्यांत गोरे, काळे, युरोपातून नुकतेच आलेले, सगळे होते. हिलबिली म्हणजे गोराच, हेसुद्धा अर्धंच चित्र. केंटकीचे कवी फ्रँक एक्स वॉकर यांनी १९९१ च्या सुमारास तिथल्या काळ्या लोकांसाठी ‘आफ्रिकन’ आणि ‘ॲपलॅचियन’ (त्या डोंगररांगेतले) जोडून ‘ॲफ्रिलॅचियन’ हा शब्द घडवला आणि तो रुळला. पानगळ, घडवलेला शब्द मुरतच नाही असं नाही.

पानगळ:
मान्य. पण तो अभिमानासाठी घडवलेला आहे. शिवीसाठी मला अजून उत्तर नाही.

जुनीवही:
हिलबिली तसाच ठेवा आणि पहिल्या पानावर समजावून सांगा.

चुलवण:
हे मला मुळीच मान्य नाही. प्रत्येक अडलेला शब्द तसाच ठेवायचा तर मराठी कशाला? मुकादमाची शिवी इंग्रजीत राहिली की ती लांबच्या कुणाला तरी दिलेली राहते. ‘ए गावठी’ म्हटलं की मला लागते.

घाटमाथा:
ती लांबच्याच माणसाला दिली होती, ताई. आपली जखम त्याच्या अंगावर का चढवायची?

कोळंबे:
त्या डोंगराळ मुलखाचं नाव ॲपलेशिया की ॲपलॅचा, ते तरी ठरलंय का?

रानहळद:
दक्षिणेकडचे डोंगरातले लोक ‘लॅ’वर जोर देऊन ॲपलॅचा म्हणतात. तसंच लिहा, तेवढा मान त्यांना द्यायलाच हवा.

पानगळ:
तसंच लिहीन. आणखी एक विचारते. ती बाई आपल्या घराच्या जागेला ‘हॉलर’ म्हणते. दोन डोंगरांच्या मधली अरुंद जागा, मधून ओढा, ओढ्याकाठी एकच रस्ता आणि रस्त्यावर सगळी एकाच भावकीची घरं. मी ‘दरी’ लिहिलं आहे.

घाटमाथा:
दरी नको. दरीत माणूस पडतो, राहत नाही. खोरं म्हणा.

कोळंबे:
खोरं मोठं होतं, त्यात नदी येते. घळ?

घाटमाथा:
घळीत घरं नसतात. आमच्या मामाकडे, पवन मावळात, अशाच जागेला...

चुलवण:
मावळच की! बारा मावळ म्हणजे अशाच बारा जागा.

जुनीवही:
आणि जुन्नरकडे त्यालाच नेर म्हणतात. मीननेर, कुकडनेर, भीमनेर. नदीचं नाव आणि पुढे नेर. हा ‘नेर’ कुठून आला ते कुणाला ठाऊक आहे का? मला तो ‘नीर’वरून वाटतो.

तिठा:
नीर नव्हे. ‘नगर’चं झिजून नेर झालं. पारनेर, अंमळनेर बघा.

जुनीवही:
ती गावांची नावं. मी खोऱ्यांबद्दल बोलतो आहे.